गुंजीचा पाऊस आणि दोन सागर

पावसाळ्यात गुंजीच्या स्थानकावर आगगाडीआधी पाऊसच गाठतो. आमच्या खानापूर तालुक्याचे पाणी दोन दिशांना जाते: कणकुंबीची मलप्रभा कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला, तर म्हादई गोव्यातून अरबी समुद्राला. पण दोन्ही सागर सारखे सुपीक नाहीत. उपसागरावर नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरतो. खोलातले खत वर येत नाही आणि ज्यांवर मासे पोसतात ते सूक्ष्म वनस्पती-प्लवक विरळ राहतात. अरबी समुद्रात मात्र नैर्ऋत्य मोसमी वारा सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगत खोलातले पाणी वर आणतो आणि प्लवकांना बहर येतो. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक समुद्रांत हाच न्याय. गुंजीला भिजवणारा वाराच समुद्राची नांगरट करतो! समुद्र तापून पाण्याचे थर घट्ट झाले, तर ही नांगरट अडेल, आणि आमच्या ताटातला बांगडाही महागेल.