बंगळुरूचा उंच वीरगळ

बंगळुरूला गेलेले मराठी कुटुंब लालबाग पाहते, विधानसौधासमोर फोटो काढते, म्हैसूर सिल्कची खरेदी उरकते आणि मुलांच्या हट्टाखातर नेहरू तारांगणातही जाऊन येते. तारांगणाजवळचे राष्ट्रीय सैनिक स्मारक मात्र घाईत राहून जाते. खरे तर सवडीने तासभर काढावा अशी ही जागा आहे. साडेसात एकरांची बाग, जमिनीखालचे दालन आणि आभाळाकडे झेपावणारी सुमारे 75 फूट उंचीची अखंड शिळा.

या शिळेला कन्नडमध्ये ‘वीरगल्लु’ म्हणतात. म्हणजे आपला वीरगळच! कल्लु म्हणजे दगड. गावच्या देवळापाशी अर्धा मातीत रुतलेला, शेंदूर फासलेला असा दगड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला आकाशमार्गे नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंग आणि चंद्रसूर्य. बंगळुरूत ही चाल फार जुनी. हेब्बाळ भागात 2018 मध्ये पुन्हा उजेडात आलेला किट्टय्याचा वीरगळ आठव्या शतकातला आहे. आज त्याच हेब्बाळात हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडचे मुख्यालय आहे. विमानांशी या शहराचे नाते तसे जुनेच. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये विमानांचा कारखाना काढला तो इथेच.

स्मारकातल्या दगडी पाट्यांवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सुमारे 22 हजार जवानांची नावे आहेत. भूदल, नौदल, हवाई दल, सगळ्यांची. पण कोरलेल्या नावाचे मोल प्रत्येक घराला सारखे नसते. जमिनीवर पडलेल्या जवानाचा देह बहुधा सापडतो, त्याला अग्नी तरी देता येतो. विमान समुद्रात, हिमनदीत किंवा शत्रूच्या मुलखात गेले, तर पुष्कळदा मागे नावाखेरीज काहीच उरत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी अशांसाठी वेगळी स्मारके बांधली. लंडनजवळ रनिमीड येथे 1953 मध्ये खुल्या झालेल्या स्मारकावर 20 हजारांहून अधिक बेपत्ता हवाई सैनिकांची नावे आहेत. सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकाचे छप्परच विमानाच्या पंखासारखे आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरवलेले भारतीय वैमानिक सैनिकांच्या बरोबरीने तिथल्या भिंतींवर आहेत.

आपल्याकडची उदाहरणे तर अलीकडची. 7 फेब्रुवारी 1968 रोजी चंडीगडहून लेहला निघालेले एएन-12 विमान खराब हवेमुळे मागे फिरले आणि रोहतांगच्या परिसरात 102 जणांसह नाहीसे झाले. 2003 मध्ये गिर्यारोहकांना अवशेष दिसले. 2024 मध्ये, तब्बल 56 वर्षांनी, बर्फातून आणखी 4 देह मिळाले. आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत व्हायचे अंत्यसंस्कार पुतण्या-नातवंडांच्या हातून झाले! जुलै 2016 मध्ये चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेल्या एएन-32 मध्ये 29 जण होते. त्याचे अवशेष जानेवारी 2024 मध्ये बंगालच्या उपसागरात 3,400 मीटर खोलीवर दिसले. इतक्या खोलवरून कोण कोणाला आणणार?

आणि काही घरांना दगडावरचे नाव नकोच असते. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान डिसेंबर 1971 मध्ये पाकिस्तानात पाडले गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या. पकडलेल्या वैमानिकांत ‘टॉम्बे’ असे एक नाव त्याच महिन्यात तिकडच्या वृत्तपत्रात छापून आले. पतीचा अंत झाला असे त्या मानणार तरी कशा? भारताच्या यादीत असे बेपत्ता युद्धकैदी 54 होते. असा एकही कैदी आपल्याकडे नाही, असे पाकिस्तान सांगत राहिला. 2007 मध्ये नातेवाइकांना तिथले तुरुंग पाहू दिले. त्यांत दमयंतीबाईही होत्या. सारे रिकाम्या हाताने परतले.