आपल्याच गावचे प्रवासी

पाठीवर पडशी टाकून आगगाडीने हिंडावे ते जर्मनीतच, असे आम्हा तिघा डोंबिवलीकर विद्यार्थ्यांना वाटे. आमच्यातला एक तर शिकायला तिकडे निघालाच होता. जायला आठवडा उरला तेव्हा तो एकाएकी म्हणाला, "अरे, 'तुमच्याकडे पाहण्यासारखे काय?' असे तिकडे कुणी विचारले, तर सांगू काय?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

रविवारी पाठीवर पिशव्या टाकून निघालो. रोज खिडकीतून दिसणाऱ्या ठाण्याला त्या दिवशी उतरलो. कौपिनेश्वराचे दर्शन घेतले, मासुंदा तलावाकाठी डबे सोडले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी आली ती या ठाण्यालाच. तीन इंजिने, चौदा डबे आणि चौतीस किलोमीटरांची वाट! पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले.

आम्हीही कल्याणची गाडी धरली. वाटेत डोंबिवली येताच सवयीने तिघेही उठलो आणि हसत पुन्हा बसलो.

दुर्गाडीवरून खाडी पाहिली. १६५७ साली कल्याण घेतल्यावर शिवाजीमहाराजांनी आरमाराची उभारणी इथूनच आरंभली. संध्याकाळी स्टेशनात आलो. कल्याणपुढे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सांगायला पुष्कळ आहे रे. सोबतीला तुम्ही नसाल, एवढेच."

परतीच्या गाडीत डोंबिवली आली, तेव्हा मात्र कुणीच लवकर उठेना.