घर कुणाच्या नावावर?

आमच्या घराण्यात यंत्राशी कुणाचं कधी पटलं नाही. वडिलांचं घड्याळ नेहमी पुढं पळे आणि माझी सायकल माझ्यापेक्षा मागं राही. त्यामुळं पेन्शनीत निघाल्यावर मी कॉम्प्युटर शिकलो, आणि तोही लिनक्सवाला, हे आमच्या सौभाग्यवतींना अजून खरं वाटत नाही. त्याचं श्रेय भाच्याला. ‘मामा, याला पैसे पडत नाहीत,’ एवढंच तो म्हणाला आणि मी विरघळलो.

त्या यंत्रावर दोन पावसाळे मी एकच काम केलं. माझी थोरली बहीण अक्का आमच्याकडंच असते. कोकणातलं आमचं घर २००९ साली विकलं गेलं, घेणाऱ्यानं ते पाडलं. अक्का त्या घराबद्दल सांगायची आणि मी टाइप करायचा. ओटी, पडवी, माजघर, अंधारातली बाळंतिणीची खोली, परसातला कापा फणस. एकशे चाळीस पानं झाली. आता सकाळी काय खाल्लं ते अक्काला दुपारी आठवत नाही. ती पानं पुन्हा सांगून घेण्यासारखी राहिलेली नाहीत.

गणपतीला भाचा आला. ‘फार हळू चालतंय हो तुमचं,’ म्हणत त्यानं नवी डिस्क बसवली, तिच्यावर नवं लिनक्स घातलं, माझं खातं उघडलं, जुन्या डिस्कवरचा घरांचा भाग शेवटी त्याला जोडून दिला आणि धावतपळत बंगळूरची गाडी पकडली.

‘घरांचा भाग’ म्हणजे काय ते सांगायला हवं. युनिक्स ही व्यवस्था १९६९ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. पुढं एकेका यंत्रावर अनेकजण काम करू लागले. चाळीत बिऱ्हाडं असतात तशी प्रत्येकाला एक जागा, तिचं नाव ‘होम’. आपले कागद तिथं ठेवायचे, आपल्या आवडीनिवडीही तिथंच नोंदलेल्या राहायच्या. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सनं हाच शिरस्ता उचलला. टेबल एक, माणूस एक, तरी बिऱ्हाडाचा कायदा चाळीचाच!

दुसऱ्या दिवशी मी नाव दिलं, पासवर्ड दिला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा नाव विचारणारी तीच खिडकी. आठ वेळा असं झालं. पासवर्ड चुकला तर ती खिडकी तसं स्पष्ट सांगते. इथं तक्रार काहीच नाही. आत घ्यायचं आणि मागच्या दारानं बाहेर काढायचं.

‘त्याची दुसरी प्रत असेलच ना?’ सौभाग्यवतींनी विचारलं. मी चष्मा पुसू लागलो.

रात्री भाचा फोनवर सापडला. त्याच्या सांगण्यावरून कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ अशी तीन बटणं एकदम दाबली. चित्रं गेली, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं आली. तिथं मात्र प्रवेश मिळाला. वर शेरा असा, की तुमचं घर सापडत नाही, तूर्त तुम्हाला मुळाशी बसवतो. मी भाच्याला तो वाचून दाखवला.

‘मामा, होममधल्या घरांची यादी काढा. मालकाचा रकाना पाहा.’

यादीत दोन घरं होती. भाच्याच्या घराचा मालक म्हणून माझं नाव! आणि माझ्या घरापुढं नावच नाही, नुसता आकडा: १००१.

फोनवर भाचा मोठ्यानं हसला. ‘चूक माझीच. नाव पाहू नका, आकडा पाहा.’

प्रकार असा होता. यंत्र माणसाला नावानं ओळखत नाही. प्रत्येक कागदावर ते फक्त मालकाचा आकडा लिहून ठेवतं, आणि कुठला आकडा कुणाचा याची वही वेगळी. जुन्या व्यवस्थेत भाच्यानं आधी स्वतःचं खातं उघडलं होतं, म्हणून तो १००० आणि मी १००१. नव्यात खातं माझं एकट्याचं, तेव्हा १००० मी झालो. घरं जुन्या डिस्कवरून जुन्या आकड्यांनिशी आली. वही मात्र नवी. आमच्या सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव कित्येक वर्षं तसंच होतं आणि तलाठी म्हणे, ‘नाव आहे तोवर जमीन त्यांची.’ इथं मी जिवंत, नाव बरोबर, आणि घर कुणा १००१ चं!

उपाय एका ओळीचा. ‘चाऊन’ नावाचा हुकूम आहे, तो मालकी बदलतो. त्याला सांगायचं की हे घर आणि आतली प्रत्येक वस्तू अमक्याच्या नावावर कर. ‘पण मामा, पत्त्यातल्या पहिल्या तिरप्या रेघेनंतर चुकूनही मोकळी जागा सोडू नका. ती रेघ एकटी पडली तर सगळं यंत्रच तुमच्या नावावर होईल, आणि मग ते धड चालणार नाही.’ कोकणात भाऊबंदकीचे खटले ऐकत मी वाढलो आहे. सगळं आपल्या नावावर करून घेणाऱ्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

सौभाग्यवती एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागल्या, मी पडद्याशी ताडून पाहू लागलो. तीनदा ताडलं. पासवर्ड टाइप करताना एक ठिपकाही उमटत नव्हता, तेव्हा हात थरथरला. मग एंटर. काही झालं नाही. म्हणजे, पडदा काही बोलला नाही. युनिक्सची ही जुनी सवय: काम झालं की गप्प राहायचं. भाच्यानं यादी पुन्हा काढायला लावली. १००१ गेला होता, तिथं माझं नाव होतं.

मी चित्रांच्या खिडकीकडं परतलो. पडदा काळा झाला, श्वास अडकला, आणि माझा पारिजातकाचा फोटो उमटला. एकशे चाळीस पानं जागच्या जागी होती. त्याच रात्री मी त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर काढली, दुसरी छापून घेतली.

अक्का जागीच होती. तिच्या खाटेशी बसून मी पडवीचं पान वाचायला घेतलं. पावसात तिथं लाकडं रचलेली असत, झोपाळ्याची कडी कुरकुरे, एवढं सगळं तिनं मन लावून ऐकलं.

‘आमच्याकडंसुद्धा अशीच पडवी होती हो,’ ती म्हणाली. ‘पुढं वाच.’

मी पान उलटलं.