अक्रोडाचा दस्ता

मनुष्याच्या संग्रही असलेल्या बहुतेक वस्तू त्याची निमूटपणे सेवा करतात, झिजतात आणि विस्मृतीत जातात. धन्याकडून काही मागणाऱ्या वस्तू विरळा. इंदूरमधील एका निवृत्त तंत्रशिक्षकाच्या घरी, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, बनातीच्या हिरव्या आवरणात अशी एक वस्तू आहे. ती हवाई बंदूक आहे. जर्मनीतील ओबर्नडॉर्फ गावी घडलेली, ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा फेकणारी, वजनाने सुमारे पाच किलो. नेमबाजीतून निवृत्त होणाऱ्या एका स्नेह्याकडून त्यांनी ती विकत घेतली, तेव्हा घरात वर्षभर दुसरी कोणतीही मोठी खरेदी झाली नव्हती.

आवरण दूर होताच प्रथम दिसतो तो अक्रोडाचा दस्ता. तपकिरी रंगात काळसर रेषा वाहत गेल्या आहेत. मनगटाजवळ, जिथे ताण अधिक, तिथे त्या सरळ आहेत, आणि मागे, जिथे गाल टेकतो, तिथे पाण्यात भोवरा पडावा तशा वळल्या आहेत. ही मांडणी केवळ शोभेची नाही. मनगटाशी रेषा आडव्या गेल्या, तर लाकूड तिथेच दुभंगते. अक्रोडाचे लाकूड कापल्यावर वर्षानुवर्षे सुकू द्यावे लागते. मगच ते हवामानाबरोबर वाकडे होण्याचे सोडते. वर्षातून दोनदा ते गृहस्थ जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहातावर घेतात आणि हाताच्या उबेनेच ते लाकडात जिरवतात.

मात्र त्यांना खरा आदर आहे तो आतल्या यंत्राविषयी. १९४९ साली कार्ल वेस्टिंगर आणि अर्न्स्ट आल्टेनबर्गर या, पूर्वी माउझर कारखान्यात असलेल्या दोन अभियंत्यांनी फाइनवेर्कबाऊ ही संस्था स्थापन केली. ज्या गावाने दोन महायुद्धांना रायफली पुरवल्या, त्याच गावात पुढे कागदावर भोक पाडण्यासाठी हे यंत्र सिद्ध झाले. बाजूची दांडी मागे ओढली की स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्या धक्क्याने बंदूक हलू पाहते. छर्रा तर अजून नळीतच असतो. म्हणून नळीसह सारे यंत्र दस्त्यावरील रुळांवरून किंचित मागे सरकते आणि धक्का तिथेच विरतो. खांद्याला काही कळत नाही.

या व्यवस्थेचा परिणाम कठोर आहे. दहा मीटरवरील लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तो चुकला तर दोष द्यायला बंदूक उरत नाही. एके काळी त्यांचे पाच छर्रे कागदावर एकच छिद्र करीत. असे कागद तारीख घालून त्यांनी फायलीत लावले आहेत.

गेल्या दिवाळीत नातू आला होता. गच्चीच्या कठड्यावर पारव्यांची जोडी घुमत होती. “आजोबा, त्यातला एक पाडू?” त्याने विचारले. आजोबा क्षणभर गप्प राहिले. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीने सालिम अलींना मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेपर्यंत नेले. याच वयात आजोबांनी पाडलेला बुलबुल मात्र त्यांना कुठेच घेऊन गेला नाही; ओंजळीत त्याचे अंग निवत गेल्याचे तेवढे स्मरते. त्यांनी नातवाला काही सांगितले नाही. दहा मीटर मोजून भिंतीशी लाकडी पेटी ठेवली, तिच्यावर कागद लावला आणि “आधी मी दाखवतो” म्हणून बंदूक खांद्याला लावली.

दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात सूक्ष्मपणे कापतो. घरात हे कोणाला ठाऊक नव्हते. चहाचा कप ते डाव्या हाताने उचलीत. पाच छर्रे सुटले. नातवाने कागद आणून उन्हात धरला. पाच छिद्रे पाच ठिकाणी होती.

“आजोबा, बंदूक बिघडली का?”

दार उघडेच होते. आत स्वयंपाकघरात पत्नीच्या हातातली भांडी थांबल्याचे त्यांना ऐकू आले. बंदूक जुनी होती. स्प्रिंगला वय असते, वायसर कडक होतात. उत्तर तयार होते आणि ते कोणालाही पटले असते. त्यांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला.

“नाही रे,” ते म्हणाले, “बंदूक ठीक आहे. माझा हात हलतो.”

मग त्यांनी त्या कागदावर तारीख घातली आणि तोही फायलीत लावला. नातवाला त्यांनी पेटीवर नवा कागद लावायला सांगितले. पारवे अजून कठड्यावरच होते.