कशेळ्याचा कातळ आणि चंद्रावरचे डाग

कशेळ्याहून आंबिवलीमार्गे पेठच्या किल्ल्यावर, म्हणजे कोथळीगडावर, तुमच्यापैकी काहीजण गेले असतील. सुळक्याच्या पोटातून वर नेणाऱ्या तिथल्या पायऱ्या ज्या काळ्या कातळात खोदल्या आहेत, तो बेसाल्ट होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो घडला. पौर्णिमेच्या चंद्रावर ज्या डागांत आपल्या पूर्वजांना ससा दिसला, तेही बेसाल्टचेच. मात्र आपल्या कातळाहून कितीतरी प्राचीन.

१९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तो खडक पृथ्वीवर आणला. त्यात प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन ही आपल्या कातळातलीच खनिजे निघाली. एक खनिज नवे होते. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन व कॉलिन्स या नावांचे आरंभीचे तुकडे जोडून त्याला आर्मलकोलाइट म्हटले गेले. (भाषेच्या अभ्यासकाला खनिजापेक्षा हा जोडशब्दच अधिक मोहवतो!)

खरा भेद आहे तो पाण्याचा. आपल्या कातळातील पोकळ्यांत पाणी झिरपले आणि तेथे झिओलाइटचे स्फटिक वाढले. त्यांच्या रचनेतच पाण्याचे रेणू सामावलेले असतात. चंद्रावरील डागांना मात्र युरोपीय खगोलज्ञांनी ‘सागर’ म्हटले. अपोलो ११ उतरले तेही शांतिसागरात. तेथे पाणी नाही हे कळल्यावरही नाव टिकले. भाषेत वहिवाट वस्तुस्थितीला सहसा जुमानत नाही. चांद्रयान-१ वरील उपकरणाने टिपलेल्या पाण्याच्या खुणा २००९ साली जाहीर झाल्या, पण ते पाणी अत्यल्प आहे.

रस्त्याकडेच्या खडीत पांढरा, चकाकणारा स्फटिक आढळला, तर उचलून नीट न्याहाळा. तो झिओलाइट असेल, तर त्याचा जोडीदार अपोलोच्या नमुन्यांत सापडलेला नाही.