इसाकीचा चाकू

मरहूम आजोबांच्या लोखंडी पेटीत एक चाकू होता. आजोबा रत्नागिरीकडचे, त्यांची सारी उमर मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून गेली. एका फिनिश खलाशाने तो त्यांच्या हाती दिला आणि पुढे दोघांच्या बोटी वेगळ्या झाल्या, एवढेच घरात ठाऊक होते. पात्यावर नाव होते, ईसाक्की यार्वेनपॅ. ईसाक्की म्हणजे आपले इसहाक. घरात सगळे त्याला ‘इसाकीचा चाकू’ म्हणत. अब्बा बजावत, "ही अमानत आहे. मालक सापडला तर परत करा." बकरी ईदलाही त्यांनी तो कुणाला वापरू दिला नाही.

अब्बांच्या पश्चात फिनलंडला जाण्याचा योग आला, तेव्हा चाकू मोठ्या बॅगेत नीट बांधून घेतला. हेलसिंकीच्या उत्तरेला यार्वेनपॅ नावाचे गाव आहे असे कळल्यावर आम्हाला वाटले, पत्ताच मिळाला!

त्या गावात तातार मुसलमानांची लाकडी मशीद आहे, १९४० च्या दशकात बांधलेली. छोटा मिनार, आजूबाजूला झाडे. रशियातील निज्नी नोवगोरोदकडच्या खेड्यांतून हे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून व्यापारासाठी इथे आले. १९२५ साली त्यांनी आपली जमात रीतसर स्थापन केली. सलाम ऐकताच एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला आत नेले. तिथे आम्ही असरची नमाज अदा केली.

मग चाकू दाखवला. नाव वाचून ते हसले. "हे मालकाचे नाव नाही, कारागिराचे आहे. आणि या गावाशी त्याचा संबंध नाही. यार्वेनपॅ म्हणजे तळ्याचे टोक. तळी इकडे जागोजाग, म्हणून गावालाही तेच नाव आणि माणसाचे आडनावही तेच. नावाखाली बघा, कौहावा लिहिले आहे."

ती झिजलेली अक्षरे आम्ही इतकी वर्षे नक्षी समजत होतो.

कौहावा पश्चिम फिनलंडमध्ये, सैनायोकीच्या पुढे, रेल्वेमार्गावरच आहे. सपाट शेते आणि लाल रंगाची लाकडी घरे. हे गाव चाकूंसाठीच प्रसिद्ध. फिनिश लोक या कमरेच्या चाकूला ‘पूक्को’ म्हणतात. ईसाक्की यार्वेनपॅ यांच्या कारखान्याची सुरुवात १८७९ ची. मुठीच्या टोकाला घोड्याचे डोके असलेला पूक्को ही त्यांची खास ओळख.

तिथल्या चाकूंच्या संग्रहालयात बाईंनी आमचा चाकू हातात घेतला आणि ओळखायचे कसे ते सांगितले. म्यान बदललेले असू शकते, म्हणून आधी पाते पाहायचे. मुठीजवळचा ठसा, पात्यावरची नक्षी, मग पितळी कड्या. नावापुढे ‘ओय’ ही अक्षरे असतील, तर ते पाते कारखान्याची कंपनी झाल्यानंतरचे. आमच्या पात्यावर ती आहेत. मूठ बर्चच्या सालीचे तुकडे एकावर एक रचून घडवलेली. अशी मूठ ओल्या हातातून निसटत नाही आणि थंडीत गार लागत नाही. खलाशाला आणखी काय हवे?

म्हणजे कारागीर मिळाला, मालक नाही. अब्बांची अमानत पोहोचवायची राहिलीच. आमचे चेहरे पाहून बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पूक्को भेट देतात तो सन्मान म्हणून. ज्याच्यावर विश्वास, त्यालाच."

भेट होती की अमानत, हे त्या दोघांनाच माहीत. घरी परतल्यावर आम्ही मौलानांचा सल्ला घेतला आणि त्या अनोळखी खलाशाच्या वतीने चाकूच्या किमतीएवढी रक्कम गरजूंना दिली. चाकू पुन्हा पेटीत आहे. सोबत एक चिठ्ठी ठेवली आहे: कारागीर कोण, गाव कोणते, आणि मालक अजून सापडलेला नाही. मुलांनी तो शोध पुढे चालवावा, इन्शाअल्लाह.