छपरावरचा अँटेना

जूचंद्र, ता. वसई

चि. सोनू,

परवा फोनवर घर दाखवत होतो तेव्हा तू विचारलंस, "काका, छपरावर तो खांब आणि त्याला आडव्या नळ्या कसल्या? काढून का टाकत नाही?" आत्याने मध्येच फोन घेतला आणि उत्तर राहून गेलं. ते आता सविस्तर लिहितो.

तो दूरदर्शनचा अँटेना आहे. पण त्याच्याही आधी घरात रेडिओ आला होता, म्हणून आधी त्याचं सांगतो. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी त्याचं उद्घाटन केलं. चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी होती. तीन वर्षांत तिचं दिवाळं निघालं, आणि सरकारने केंद्र ताब्यात घेतलं. १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. याच मुंबईत १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चोरून चालवला. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा बदलत बदलत त्यांनी ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत तो चालू ठेवला आणि शेवटी ते पकडले गेले. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, म्हणजे तुझ्याहूनही लहान.

आपल्या घरी रेडिओ आला तो तुझ्या पणजोबांच्या काळात. रेडिओ ठेवायचा तर पोस्टात दरवर्षी पैसे भरून परवाना घ्यावा लागे. त्यांचं परवान्याचं पुस्तक अजून पेटीत आहे, वर्षावर्षाची तिकिटं चिकटवलेलं. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि वीज नसली तरी आवाज शेताच्या बांधावर, मिठागरावर जाऊ लागला. मुंबई केंद्र आपल्याकडे इतकं स्वच्छ का लागायचं, याचं कारण मला फार आवडतं. मध्यम लहरी जमिनीच्या अंगाने पसरतात, आणि ओली, खारट जमीन त्यांना सर्वांत चांगली वाहून नेते. आकाशवाणीचे प्रक्षेपक मालाडला मार्वे रस्त्याच्या बाजूला, तसल्याच खाडीकाठच्या जमिनीवर आहेत. तिथून इकडे यायचं तर मधे खाड्या, खाजण आणि आपली मिठागरं. ज्या खारटाने आपल्या माणसांच्या पायांना भेगा पडल्या, त्याच खारटाने त्यांच्यापर्यंत गाणीही पोचवली.

संध्याकाळी 'कामगार सभा' लागायची. गिरणीतल्या माणसांसाठी असली तरी मिठागरातला माणूस ती आपलीच समजून ऐकायचा. दुपारी 'वनिता मंडळ'. आणि 'पुन्हा प्रपंच' तर घराघरांत. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांच्या आवाजांतून टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत बोलायचे. त्यांना डोळ्यांनी कोणी पाहिलेलं नव्हतं, तरी आजी त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायची.

मग दूरदर्शन. दिल्लीत ते १९५९ साली आलं. मुंबईला १९७२ च्या २ ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. वरळीला केंद्र आणि तीनशे मीटर उंच मनोरा उभा राहिला. चित्राच्या लहरी मात्र रेडिओसारख्या जमिनीला धरून येत नाहीत, साधारण सरळ रेषेत येतात. मधे डोंगर आला की अडतात. वरळी इथून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. म्हणून खांब उंच, आणि नळ्यांचं तोंड दक्षिणेला, वरळीकडे. वाऱ्याने तो फिरला की एकाने छपरावर चढायचं, एकाने अंगणात उभं राहायचं, आणि आतून ओरडा यायचा, "आलं, आलं... गेलं!"

त्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर संध्याकाळचे थोडेच तास कार्यक्रम असत. पण त्यांत 'आमची माती, आमची माणसं' होतं, 'ज्ञानदीप' होतं, 'गजरा' होता, मुलांसाठी 'किलबिल' होतं. भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील तिथेच बातम्या वाचत. स्मिताला सिनेमाने नेलं ते नंतर. दिलीप प्रभावळकरांचा 'चिमणराव' लागला की आमचं अंगण भरायचं. ज्याच्या घरी टीव्ही, त्याचं दार त्या वेळी बंद नसायचं. माझ्या मते त्या केंद्राचं मोठेपण इथेच आहे: शेतकऱ्याचं खत-बियाणं, नाटकवाल्यांची प्रहसनं, साहित्यिकांच्या मुलाखती, सगळं एकाच संध्याकाळी, एकाच भाषेत, सगळ्यांसमोर. १९८२ मध्ये रंग आले आणि दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रमही आला. रंगांचा आनंद आम्हाला झालाच. पण रात्रीचा चांगला वेळ दिल्लीकडे गेला आणि मराठीला बाजूला सरकावं लागलं, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. मराठीची स्वतंत्र वाहिनी यायला १९९४ उजाडलं; तीच आजची सह्याद्री.

आता जे सांगतो ते मनाला लागणारं आहे. सुरुवातीच्या काळातले कितीतरी कार्यक्रम आज कुठेच नाहीत. टेप महाग होत्या, म्हणून एक कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरा मुद्रित व्हायचा. आपल्या गावचे रांगोळीकार दिवसभर बसून हुबेहूब माणसाचा चेहरा काढतात आणि तो पुसला जाणार हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं. दूरदर्शनच्या कलावंतांनी तसा करार केला नव्हता. पैशांची अडचण मला समजते, पण हे नुकसान कशानेही भरून येणारं नाही.

त्या हरवलेल्या कार्यक्रमांची आठवण म्हणून अँटेना काढलेला नाही. आणि म्हणूनच तुझ्याकडे एक काम आहे. आजीला अजून 'पुन्हा प्रपंच'मधले प्रसंग आठवतात, 'वनिता मंडळा'त ऐकून शिकलेल्या पाककृतीही आठवतात. तू दर रविवारी तिला फोन करतेसच. आता तिला एकेक कार्यक्रम विचार, बोलू दे, आणि ते सगळं फोनवर मुद्रित करून जपून ठेव. तिला नीट ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोल. येत्या रविवारीच सुरुवात कर, लांबणीवर टाकू नकोस.

तुझा,
काका